ठराव मागे घेण्याचं कारण

१० ऑगस्ट, रविवार

विमलला जाऊन तीन महिने झाले. सकाळी विहारात वंदना. वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडेच आहे. आज दोनदा ओळ सुटली. कोणी काही बोललं नाही. पूर्वी ओळ सुटली की ती बायकांच्या बाजूने खाकरायची.

वाचन झाल्यावर समितीचे अध्यक्ष मेश्राम सर थांबले. वरच्या खोलीत महिलांसाठी अभ्यासिका करायची, तिला विमलचं नाव द्यायचं. ७ सप्टेंबरला पौर्णिमेच्या कार्यक्रमात फोटो लावायचा.

"महिला मंडळ तिनं उभं केलं गा. घराघरातून नवस-उपास तिनं काढले. एवढी कडक बाई आता होत नाही."

हो म्हणालो. घरी येऊन तिचा चांगला फोटो शोधला. सगळ्यात ती दुसऱ्या कोणाला तरी काही सांगते आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

विमलची धाकटी बहीण माया काटोलहून आली. कपाट आवरायला मीच बोलावलं होतं. पांढऱ्या साड्या मंडळातल्या बायकांना द्यायच्या.

सगळ्यात खाली कापडी पिशवी निघाली. हिरवा खण, बांगड्या, हळदीकुंकवाच्या पुड्या, नारळ. नारळ आत सुकून वाजत होता. मला वाटलं कोणीतरी ठेवायला दिली असेल. मायाकडे पाहिलं तर ती साडीची घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

"भाऊजी, रागावू नका. तुमच्या बायपासच्या वेळी ताईनं देवीले बोललं होतं. माणूस घरी आला तं ओटी भरीन म्हणून."

मी म्हणालो, विमल असं करणार नाही.

"मी होती ना तिच्याजवळ. डॉक्टर धड सांगत नव्हता. तुम्ही आत. ती बाकावर बसून नुसती हात चोळून राहिली होती. माणूस बोलते मग काही बी."

"मग भरली काहून नाही?"

"गेली होती एकदा. तुम्ही घरी आले त्याच्यानंतर पुढच्या साली. तशीच वापस आली. मले फोनवर सांगितलं, भरली नाही. काहून ते नाही सांगितलं."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला गेलो नाही. गुडघा दुखतो असं कळवलं. ते खरं नव्हतं.

माया पिशवी मागते. म्हणते बोललेलं राहिलं तर तिच्या जिवाला शांती नाही. मी म्हणालो, आपण ते मानत नाही, विमलही मानत नव्हती.

"तुम्ही नका मानू. मी मानते असं बी नाही. माह्या बहिणीचं काम राहिलं, ते मी करते म्हणून राहिली. एवढ्यात तुमची कोणती प्रतिज्ञा मोडते?"

माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर उभं राहून प्रतिज्ञा घेतल्या. घरात मी त्या आमच्या मुलीकडून पाठ करून घेतल्या. पिशवी दिली नाही. कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. माया चारच्या एसटीने गेली. जाताना पाया पडली नाही, एरवी पडते आणि मी नको म्हणतो.

१७ ऑगस्ट, रविवार

वंदनेनंतर विहाराची किल्ली माझ्याकडे असल्याने थांबलो. समितीचं इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीचा ठराव सापडायला वेळ लागला नाही. अक्षर माझंच. मी सचिव.

सुलोचनाबाई गजभियेंचा नातू डेंग्यूने भरती होता. त्यांच्या सुनेनं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. सासूबाई देवळाच्या रांगेत, हातात ओटी. फोटो साऱ्या वस्तीत फिरला. सभा बोलावली. विमल मंडळाची अध्यक्ष, ती अर्धा तास बोलली. "तुमच्यासारख्यांमुळे मागचं सगळं परत येते." सुलोचनाबाई तेवढा वेळ उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा असं कोणी म्हटलं नाही.

"श्रीमती गजभिये यांना महिला मंडळातून कमी करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर."

माझं ऑपरेशन त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे वि. तिथे उभी राहून बोलत होती तेव्हा ती पिशवी आमच्या कपाटात

रजिस्टर जागेवर ठेवलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पुण्याला मुलीला, प्राचीला, फोन केला. सगळं सांगितलं.

"बाबा, हे कोणाला सांगू नका. आईला आता उत्तर देता येत नाही."

बरोबर आहे. मी विचारलं, आणि सुलोचनाकाकू?

"त्यांचं झालं गेलं. दोन वर्षं झाली."

दहा मिनिटांनी तिचाच पुन्हा फोन. "तुम्ही आईवर रागावलात का?" नाही म्हणालो. विचार न करताच सांगितलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबतीच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद, लांबून ढोल. सुलोचनाबाईंचं घर तीन गल्ल्या पलीकडे. पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो. गिरणीवाल्याने विचारलं, "काय सर, डबा नाही आणला?" परत आलो.

दोन वर्षांत त्या मला रस्त्यात चार-पाचदा तरी दिसल्या असतील. दर वेळी मीच बाजू बदलली. तेव्हा वाटायचं, सचिव म्हणून बरं दिसत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

गेलो. जसं बोलणं झालं तसं लिहून ठेवतो.

सुलोचनाबाई ओसरीवर अंबाडी निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. "या सचिव. नवा ठराव आणला का?"

बसलो. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आमच्याकडे आहेत तसेच. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, विसरलो. एकदम म्हणालो, विमलच्या कपाटात ओटीचं सामान सापडलं.

त्यांचा हात थांबला नाही. "हिरवा खण ना?"

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"रांगेत माह्या मागं होती. चार बाया सोडून. पदर तोंडावर, पण तिची उभं राहायची तऱ्हा काय मले माहीत नाही? मी वळली. तिनं मले पायलं, मी तिले पायलं. म्हटलं, ये वं विमल, पुढं ये, इथं जागा आहे. ती निघूनच गेली."

"सभेत बोलल्या काहून नाही?"

"काय बोलू? तुम्ही मरता मरता वाचले हे साऱ्या वस्तीले माहीत. ती काहून आली असन हे समजाले मले शिक्षण लागते का?"

"तिनं तुम्हाले अर्धा तास..."

"बोलली. पण भिंतीकडे पाहून बोलली. मी तिच्याकडेच पाहून होती. भेली होती ती. मी नाव घीन म्हणून भेली होती." मग देठं बाजूला सारत म्हणाल्या, "घेतलं असतं तं दोघीही बाहेर. एक तं आत राहिली. मंडळ चाललं."

मी म्हणालो, सात तारखेला सगळ्यांसमोर सांगतो. तेव्हा त्या रागावल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

"बिलकुल नाही. मेलेल्या बाईले उभं करून मले आत घ्याचं नाही. माही चूक झाली, मी कबूल केली होती तेव्हाच. पोरगा सलाईननं बरा झाला, हे मलेही समजते. पण चूक झाली म्हणून माणूस फेकून देत असते का सचिव? मंडळात चटया मी झटकत होती. तेवढंही काढून घेतलं तुम्ही."

"तुम्हाले यायचं आहे का परत?"

त्यांनी निवडलेली भाजी टोपलीत टाकली.

"रोज सकाळी तुमच्या स्पीकरवर वंदना लागते. मी इथून म्हणते. यायचं आहे. पण असं नाही."

सुनेनं चहा आणला. सुनेला माझ्याकडे बघवत नव्हतं. तिच्या फोटोमुळे झालं असं तिला वाटत असावं.

२७ ऑगस्ट, बुधवार

चौकात गणपती बसला. दिवसभर स्पीकर.

प्राचीला नाही म्हणालो होतो. रागावलो आहे. चौतीस वर्षांत दूध उतू गेलं तरी ती मला ऑफिसात फोन करून सांगायची. हे सांगितलं नाही. दोन वर्षं ही पिशवी माझ्या बनियनांच्या खालच्या खणात.

नंतर, भाजी चिरताना. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?

तिच्याही नावाचा ठराव लिहिला असता. समजावलं असतं, वेळ दिला असता, पण लिहिला असता. तिला हे माहीत होतं.

भाजी तशीच राहिली. दूध-पोळी खाल्ली.

३१ ऑगस्ट, रविवार

मेश्राम सरांना गाठलं. वि.चं काही न सांगता एवढंच म्हणालो, गजभियेबाईंचा ठराव मागे घ्यावा.

"काहून?"

"चुकीचा होता."

"चुकीचा कसा? फोटो होता गा. बाईनं स्वतः कबूल केलं." मग सर हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आईनं घरातले देव टोपल्यात भरले अन् एकटीनं नेऊन नदीत सोडले. सासू दारात छाती पिटत होती. गावानं विहीर बंद केली आमची. त्या बाईनं जे सोसलं ते आपण ढिलं सोडायचं का? आज ओटी, उद्या अजून काही. नातवंडं फिरून तिथंच."

सरांचं चुकत नाही. मलाही तेच वाटतं, अजूनही वाटतं. तरी म्हणालो, बाईंना घरी बसवून त्यांची नातवंडं विहारात कशी येतील? त्यांचा नातू आता सात वर्षांचा आहे. एकदाही आला नाही.

सर म्हणाले, "सात तारखेले मांडा. पण नियमाप्रमाणं कारण लेखी लागते. अन् विमलबाईच्या कार्यक्रमात हे काहून आणता, ते समजून नाही राहिलं."

७ सप्टेंबर, रविवार, पौर्णिमा

प्राची काल आली.

विहार भरलेला. आज ग्रहण. स्वयंपाकाकडे एक म्हातारी दुसरीला, "जेवणं लवकर उरका वं, एक वाजता वेध लागते." सरांनी मान वळवली तशी ती, "मजाक करून राहिली सर!" सगळ्या हसल्या. वाढपही लवकर झालं. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर किती जणींचा ठराव करावा लागला असता.

त्रिशरण, पंचशील झालं. मग फोटो. फोटोवरचं कापड काढायला प्राचीला पुढे बोलावलं. तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, फोटो आज लावू नका.

प्राची माझ्याकडे बघत होती, नको म्हणून.

म्हणालो, आधी गजभियेबाईंचा ठराव मागे घ्या. तो मी लिहिला. सर्वानुमते असं मी लिहिलं, पण कोणी हात वर केल्याचं मला आठवत नाही. त्या उभ्या होत्या आणि बसा म्हणायचं मलाही सुचलं नाही.

गलका झाला. मागून एक बाई ओरडली, "विमलताई असती तं तिनं चालू दिलं असतं का हे?"

उत्तर तोंडात आलं होतं. खोटं न बोलण्याचं शील आत्ताच सगळ्यांबरोबर म्हणालो होतो. गिळलं. गप्प राहणं त्यात येतं की नाही ते मला ठरवता आलं नाही, आत्ताही येत नाही.

सर म्हणाले, "कारण सांगा सचिव. त्याच्याशिवाय कसं?"

"लिहून देतो."

पुढच्या रविवारी सभा ठरली. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. ऑटोत प्राचीने तो मांडीवर धरला होता. पायऱ्या चढताना म्हणाली, "आईला त्या रांगेत किती भीती वाटली असेल."

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सुलोचनाबाईंची सून दारात. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरूनच.

"काल जे झालं ते आईले समजलं. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलले ते चांगलं केलं. पण कागदात विमलताईचं नाव आलं तं मी येणार नाही. कधीच नाही."

बरं म्हणालो. तिला आत ये म्हणालो. घाईत आहे म्हणाली.

दुपारी मेश्राम सरांचा फोन. "नुसतं मनाले वाटलं असं लिहू नका. सभा मानणार नाही. ठोस पाहिजे."

नाव घातलं तर सभा मानेल, बाई येणार नाहीत. नाव गाळलं तर सभा मानणार नाही. टेबलावर कागद घेऊन बसलो. तीन फाडले. चौथ्यावर तारीख, विषय, आणि खाली:

"कारण : ज्या गोष्टीसाठी त्यांना कमी केलं, ती भीतीच्या वेळी कोणत्याही घरात होऊ शकते. माझ्या घरात"

इथे थांबलो. प्राचीने खांद्यावरून वाचलं. मला वाटलं ती खोडा म्हणेल. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"बाबा, पुढे काय लिहिणार?"

कागद अजून टेबलावर आहे. रविवारला सहा दिवस आहेत.