सायकल मी नेलीय

जागृती,

सायकल चोरीला गेलेली नाही, मी नेलीय. चहा गाळून ठेवलाय.

तू लग्न होऊन ही तुझी सायकल घेऊन आलीस तेव्हा, सुनेनं सायकल फिरवू नये म्हणून मीच ती पडवीत टांगायला लावली.

महिनाभर, तुम्ही उठायच्या आत, रामनाथभावजी मला निर्मळच्या तळ्याकाठी शिकवतायत. काल पहिल्यांदा एकटीनं चालवली. दोन्हीकडे केळीच्या बागा, थोडं धुकं, आणि मी पाण्यावरून तरंगत गेल्यासारखी गेले. सत्तावन्न वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं. तुला हे लग्नाआधी रोज वाटत असणार, आणि ते मीच बंद केलं.

माझं चुकलं, पोरी. सायकल आजपासून परत तुझी. मला अजून वळता येत नाही, उतरून फिरवावी लागते. तेवढं तू शिकवशील का?

आई