कुंडीला लागलेल्या मुंग्या

चोरोबा,

मी कामावर निघतेय. छकुली दूध पिऊन आत्ताच झोपलीय, उठली की केळं कुस्करून भरव. पार्टीसाठी आणलेले पेले धुऊन शेजारच्या काकूंना परत दे.

कोपऱ्यातल्या कुंडीला मुंग्या लागल्यात, तेवढं पुसून घे. काल पार्टीत चोर ओळखायच्या खेळात "रात्र झाली, डोळे मिटा" म्हणणारी मीच होते, त्यामुळे माझे डोळे उघडे होते. सगळ्यांनी मिटल्यावर चोर म्हणून तू उघडलेस आणि सावजाकडे बोट दाखवायच्या आधी हातातला पेला कुंडीत ओतलास. मी छकुलीचं पांघरूण सारखं करायचं सोंग केलं. मग पकडला गेल्यावर एका दमात पेला संपवायची शिक्षा म्हणून रिकामाच पेला तोंडाला लावून "हाः!" केलंस, तर तुझा मित्र म्हणतो, "वहिनी, बघा, गडी एका दमात!"

दारू सोडल्याचं मित्रांना सांगायला तुला जड जातं, हे मला ठाऊक आहे. चारचौघांत तू शब्द मोडशील असं धरून, पेले भरताना तुझ्या पेल्यात मी गुपचूप सफरचंदाचा रस ओतला होता. एक घोट जरी घेतला असतास तरी तुला कळलं असतं. तुला कळलंच नाही.

तुझी लबाडी खेळातली होती, माझी नव्हती. चुकलं माझं.

उरलेला रस फ्रीजमध्ये आहे. पुढच्या वेळी तुझा पेला तूच भर.