चौथा खांदा

ता. २ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न.

तुझ्या दारात येऊन वाकायचं, ते कागदावरच वाकते आहे. पूल ओलांडला की तुझं घर. लहानपणी चपला न घालता पळत यायची मी. आता त्याच घरी पोस्टाने पत्र धाडते, याचं पोस्टमनलाही नवल वाटतं. पत्ता चुकला नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. फोन करावा तर तो आत्तोबांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर. माझा आवाज ऐकला की ते लगेच ठेवून देतात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर फोनच काढून टाकला असता.

बाबांचं लिहायचं आहे. ओतशाळेत साचे भरताना जन्मभर जी वाळूची धूळ ओढली, ती आता फुफ्फुसांत घर करून बसली आहे. हिवाळा काढतील असं डॉक्टरांना वाटत नाही. मी पदवीधर झाले तेव्हा बाबांनी गल्लीभर सांगितलं होतं की आता आमच्या घरात औषधाच्या बाटलीवरचं वाचणारं माणूस आहे. सध्या मी तेवढंच वाचते.

त्यांची एकच इच्छा आहे. आपल्या भट्टी फुटबॉल संघाचा माणूस गेला की तीन खांदे आपल्या लोकांचे आणि चौथा गोदी संघाच्या माणसाचा. गोदीचा गेला तर उलट. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नाही, पण बाबांच्या पिढीने ती पाळली. बाबांना चौथा खांदा आत्तोबांचा हवा आहे. सांगताना हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. म्हणाले, त्याला निरोप दे की तुझ्या हातून चेंडू फार निसटले, मला तरी नीट धर.

दिवसभर ते जुन्या सामन्यांचंच बोलतात. तेव्हा मध्ये जाळी नव्हती, दोन्हीकडचे लोक एकाच बांधावर बसायचे. आत्तोबा गोदीचे गोलरक्षक. गोल झाला की बाबा भोंगा घेऊन स्वतः रचलेलं गाणं सुरू करायचे:

शिंपीदादा, टाका घाला,
जाळं तुमचं फाटलं

आणि आत्तोबा खिशातून खरंच सुई काढून जाळं शिवल्यासारखं करायचे, तेव्हा गोदीवालेही पोट धरून हसायचे. मी हे पाहिलं नाही, पण इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखं वाटतं.

आता त्याच चालीवर आमची पोरं काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी सामना सुटल्यावर पुलाजवळ दगड कुणी भिरकावला ते कळलं नाही. आतेभावाचा डोळा गेला तो गेलाच. त्यावर त्यांनी गाणं केलं. शिंपीदादा तेच, टाकाही तोच, फक्त जाळ्याच्या जागी दुसरा शब्द घातला आहे. तो मी लिहिणार नाही. मैदान जवळ असल्याने बाबांना ते अंथरुणातून ऐकू येतं. सामन्याच्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडतात.

आत्तोबांना विचारशील ना? माणसांना नीट सांगितलं तर कळतं, असं मला अजून वाटतं.

लोभ होता तेवढाच राहू दे, वाढवायला मी प्रत्यक्ष येईन.

तुझी भाची

•

ता. ९ ऑगस्ट

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने ते यांच्याच हाती दिलं. यांनी अक्षर ओळखलं आणि न फोडता माझ्याकडे सरकवलं, तेवढीच प्रगती समज.

दादा इतका खंगला हे कुणी कळवलं नव्हतं. पाठचा भाऊ नाही माझा, वडील भाऊ आहे. त्याने मला खांद्यावर बसवून सामने दाखवले. पण तू म्हणतेस तसे ते दिवस नुसते गोड नव्हते गं. लग्नानंतर पहिल्याच सामन्यात त्याने ते गाणं म्हटलं आणि माझ्या सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बांधावर हसणारे हे घरी येऊन ताट बाजूला सारायचे. हसण्याखाली थोडं झोंबायचंच. मात्र दुसऱ्या दिवशी दादा स्वतः सदऱ्याचं माप द्यायला दुकानात यायचा. मुद्दाम पोट फुगवून उभा राहायचा आणि हे मुद्दाम टाचणी टोचायचे. असं मिटायचं ते.

आता इथलं ऐक. पोर मागच्या खोलीत बसून काजं करतं. एका डोळ्याने धागा ओवायला वेळ लागतो, पण मदत केलेली चालत नाही. घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. सामन्याच्या दिवशी मी दोन्ही मशिनी चालू ठेवते. एकीवर मी, एकीवर हे. खाली कापड नसतं. नुसता आवाज हवा असतो.

यांना विचारलं. हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाले, एक सामना त्या गाण्याशिवाय होऊ दे, मग बोलावणं आलं नाही तरी मी येतो. एवढंच. त्यांच्या तोंडून एवढं निघालं हे मला पुष्कळ वाटलं.

तू शिकलेली आहेस, तुला सांगण्यावर भरवसा आहे. आम्हाला शिलाईवर आहे. गर्दीला तोंड असतं, कान नसतात, एवढं ध्यानात ठेव. दादाला माझा नमस्कार सांग आणि उशाला दोन उशा दे, त्याला आडवं पडून श्वास घेता येत नाही.

आशीर्वाद तुला नेहमीचेच, थोडे जास्तीचे.

तुझी आत्या

•

ता. २१ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न., आज जरा हलक्या मनाने.

मी आमच्या पोरांच्या म्होरक्याला जाऊन भेटले. त्याला सगळे शिट्टी म्हणतात. टायरच्या दुकानात काम करतो. मला वाटलं होतं हुसकून लावेल, पण त्याने हात पुसून स्टूल पुढे केलं, ताई ताई करत बोलला. म्हणाला, गाणं काकांचं आहे, काकांनी सांगितलं तर आम्ही कोण म्हणणारे? त्यांनी एकदा मैदानावर येऊन सगळ्यांदेखत सांगावं, त्या दिवसापासून बंद. मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्याने शब्द दिला.

धाकट्या भावालाही पटलं आहे. तुला माहीत आहे, आमचे हे चिरंजीव त्याच टोळीत ढोल बडवतात, आणि या गाण्यावरून माझं त्याचं वर्षभर धड बोलणं नव्हतं. आता तोच बाबांसाठी हातांची खुर्ची शोधतो आहे. भोंगा जुनाच, बाबांचा. त्याने सेल बदलून आणले.

बाबांनी वाक्य ठरवलं आहे. हे गाणं माझं आहे, ते मी परत घेतो. दम पुरावा म्हणून याहून लांब नको, असं तेच म्हणाले. रोज सकाळी श्वास बरा असतो तेव्हा म्हणून बघतात. काल दोनदा पूर्ण झालं.

आत्या, एक मागणं आहे. तीस तारखेच्या सामन्याला आत्तोबांना मैदानावर आण. गोदीच्या बाजूला, मागे कुठेही बसू दे. त्यांनी दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या कानांनी ऐकावं. सावध राहायला तू शिकवलंस, पण या वेळी तरी माझ्यावर विश्वास ठेव.

भेटीची आशा धरून,

तुझी भाची

•

ता. ३१ ऑगस्ट

चि. पोरीस आशीर्वाद.

हे काल मैदानावर आले होते. तू लिहिलंस म्हणून मी हट्ट धरला, आणि हे वर्षाने त्या फाटकातून आत गेले. मी सोबत होते.

आम्ही पाहिलं ते असं. दादा तुमच्या पोरांच्या खांद्यांवर, खुर्चीसकट. हात वर केलेला. खाली ढोल. आणि ते गाणं, आजवर कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने.

घरी येऊन हे सरळ मशीनवर बसले. खाली कापड नव्हतं.

तुझी आत्या

•

ता. ३ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

हे पत्र आत्तोबांना वाचून दाखव, ते उठून गेले तरी मागे जाऊन दाखव.

बाबांनी भोंगा तोंडाशी धरला तेव्हा खरंच सगळे गप्प झाले होते. एवढी माणसं गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. बाबा म्हणाले, हे गाणं माझं आहे. आणि तिथेच श्वास तुटला. पुढचं वाक्य आलंच नाही, खोकला आला. मी भोंगा घ्यायला पुढे झाले, पण लोकांनी तेवढंच ऐकलं होतं. म्हाताऱ्याने गाण्यावर हक्क सांगितला असंच त्यांना वाटलं. टाळ्या, शिट्ट्या, आणि कुणी तरी खुर्ची उचलली. बाबांनी हात वर केला तो थांबा म्हणून. ते पंजा हलवत होते. लांबून तो कसा दिसला असेल हे आता मला कळतं.

मी शिट्टीच्या अंगावर ओरडले. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आत्या. त्याला वाटलं, आपण काकांचा मोठा मान केला. धाकट्याने ढोल तिथेच टाकला, तो अजून आणलेला नाही. घरी आला तो बाबांच्या पायांशी बसून राहिला.

तेव्हापासून बाबा फारसे बोलत नाहीत. ऑक्सिजनची नळी लावली आहे. पोस्टमन दारावरून गेला की मान वळवून माझ्याकडे बघतात. पुलापलीकडून काही आलं का, असं ते विचारतात, तोंड न उघडता.

चूक माझी होती. वाक्य एक होतं, पण त्याचे दोन तुकडे होते, आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

तुझी भाची

•

ता. १७ सप्टेंबर

ती. आत्यास,

आज पहाटे बाबा गेले. मी आणि धाकटा जवळ होतो. त्रास शेवटी कमी झाला होता.

उद्या सकाळी नऊला निघू. पुलाच्या बाजूच्या रस्त्याने नेऊ, तो लांब पडतो तरी. धाकटा आणि ओतशाळेतले दोघे खांदा देतील. मागची डावी जागा रिकामी ठेवली आहे.

हे पत्र पोस्टात न टाकता पोस्टमनच्याच हाती देते आहे. आधी तुझ्या दारी जाईन म्हणाला.

भाची

•

ता. २२ सप्टेंबर

चि. पोरीस आशीर्वाद.

माझा सख्खा भाऊ गेला आणि मी तुझ्या घरी आले नाही, म्हणून लोक बोलत असतील. बोलू देत. तुला मात्र खरं कळायला हवं.

तुझं मोठं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं. ते बाह्या बेतत होते. वाचून झाल्यावर त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला, हात थांबा म्हणून वर केला होता तो. मग खडूने रेघ ओढत राहिले. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर. पण तुझी चिठ्ठी आली तशी ते उठले, स्वतःचा पांढरा सदरा स्वतः इस्त्री केला. गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली. सकाळी निघताना मागच्या खोलीचं दार उघडलं आणि पोर बाहेर आलं. म्हणालं, मामांना मीही पोचवतो. यांची बाही धरून चालत होतं. त्या बाजूचं त्याला दिसत नाही ना.

आम्ही तिघं पुलावर येऊन उभे राहिलो. तुम्ही वळणावर दिसलात. मागची डावी जागा मोकळी होती, दादा त्या बाजूला कलला होता. यांनी बाह्या वर केल्या आणि पुलाचा उतार उतरायला लागले.

आणि तुमच्यातून ती चाल आली. हळू, ढोलाशिवाय, पण तीच. पोराने दोन्ही हातांनी कान झाकले आणि रस्त्यातच खाली बसलं. हे थबकले. एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग मागे येऊन त्याला काखेत धरून उठवलं. दुसरा हात मी धरला. एकट्याने उचलण्याइतकं ते हलकं नव्हतं, नाहीतर मी पुढे आले असते.

तू आम्हाला पाहिलं नाहीस. समोर बघून चालत होतीस.

दार पुन्हा लागलं आहे. हे मशीनवर असतात, सामना नसला तरी.

आता काही दिवस पत्र घालू नकोस. दुकानात अक्षर ओळखलं जातं. माया आटलेली नाही, तेवढं धरून ठेव.

तुझी आत्या

•

ता. २६ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

तू नको म्हणालीस, तरी एवढं एक लिहिते. पाकिटावरचा पत्ता शेजारच्या एका शाळकरी मुलीकडून लिहून घेतला आहे.

ती चाल धाकट्याने धरली. खांदा देऊन चालताना तो रडत होता, आणि रडता रडता गाऊ लागला. मी त्याच्या शेजारून चालत होते म्हणून मला शब्द ऐकू आले. बाबांचेच होते. जाळ्याचे. आम्ही लहान असताना बाबा त्याला तेच म्हणत झोपवायचे. तुझ्यापर्यंत शब्द पोचले नसणार, चाल तेवढी पोचली. तू आणि आत्तोबा तिथे आहात हे मला माहीत असतं, तर मी त्याचं तोंड दाबलं असतं. आतेभावाला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगून त्याला काय मिळेल हे मला आता ठाऊक नाही. पूर्वी मी असं लिहिलं नसतं.

धाकट्याला मी तुमच्या येण्याचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

चौथी जागा मी पूल मागे पडेपर्यंत रिकामी ठेवली. ओतशाळेतले काका दमले, दोनदा थांबावं लागलं. मग मागून शिट्टी आला. माझ्याकडे न बघता त्याने त्या जागी खांदा दिला. मी अडवलं नाही. त्याची उंची बाकीच्यांशी जुळली. तिथून पुढे बाबा जराही कलले नाहीत.

तुझी भाची