ज्योत्स्नाचे पाच उपवास

देवपूर, धुळे
१४ ऑगस्ट २०२५

ती. आईस,

उज्ज्वलाचा नमस्कार. 'आम्ही सगळे मजेत' असं लिहायची सवय आहे, पण ज्योत्स्ना मजेत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून तुझा लाडका लेक बादल आज जळगावला परततोय त्याच्या हाती हे पत्र देते.

माझ्याकडे चार दिवस राहायला आलेली तुझी धाकटी सोमवारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नाडी बेचाळीस निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उपवास किती करतेस?" पोरगी अभिमानाने म्हणाली, "आठवड्यातून पाच." बाई म्हणाल्या, ही भक्ती नाही, न खाण्याचा आजार आहे आणि तो जीवावर बेततो.

आणि हे फोनवर सांगितलं, तर तू काय म्हणालीस? "मनी पोर भलती देवभोळी शे. ऐतवारले पाव्हना येणार शेतस, तिले धाडी दे. बारीक व्हयनी व्हई, ते बरंच शे."

रविवारी तिला बघायला पाहुणे येणार, म्हणून पोर बारीक झाली ते बरंच? आई, अंगाची लाहीलाही झाली माझ्या! बादलने एक पोळी कमी खाल्ली की तू घर डोक्यावर घेतेस. पोरीने जेवण सोडलं तर गल्लीभर कौतुक. तिच्या हातात दुसरं आहे तरी काय? कॉलेज बंद करायचं आबांनी ठरवलं, स्थळ तू ठरवणार. तोंडात काय जाऊ द्यायचं, एवढंच तिचं उरलं. तेच ती घट्ट धरून बसली आहे.

हे मला कसं कळलं, ते चार दिवस लिहायचं टाळते आहे. माझ्या लग्नाआधीचे सोळा सोमवार आठवतात? ते शंकरासाठी नव्हते. मुलाकडच्यांनी 'अंगाने जरा भरलेली' म्हटलं होतं म्हणून होते. फराळाची भगर मी मागच्या दाराने म्हशीला घालायचे. दहा वर्षांची ज्योत्स्ना बघत उभी असायची. मीच तिला म्हणाले होते, देवाचं नाव घेतलं की कुणी जेवायचा आग्रह करत नाही. ती शिकली. मी शिकवलं.

म्हणून मी तिला पाठवणार नाही. पाहुण्यांना खरं कारण कळव, लाजू नकोस.

तूच इकडे ये. ताट वाढून घे, गरम पोळी घे आणि तिच्यासमोर बसून आधी तू जेव. बावीस वर्षांत तिने तुला आमच्याआधी जेवताना एकदाही पाहिलेलं नाही.

वाट पाहते आहे, भांडायच्या तयारीने,
तुझीच
उज्ज्वला