पाणी आलं नाही त्या दिवसाबद्दल

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की भांडुपच्या आपल्या शाळेत तुम्हाला पाहिलेलं कुणी उरलं असेल असं वाटत नाही. तुम्ही मुख्याध्यापिका, मी तुमच्या सातवीतली मॉनिटर, हजेरीपट ठेवायच्या निमित्तानं तुमच्या ऑफिसात सारखी लुडबुडणारी. आता मी एका सरकारी कक्षात बसते, जिथून नदीकाठच्या वस्त्यांना पुराचा इशारा जातो. मुलाखतीत विचारलं होतं, या कामाची ओढ कशी लागली. मी कॉलेजचं नाव सांगितलं. खरं उत्तर तुम्ही होतात, पण शाळेतल्या बाईंचं नाव घेतलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ही फार हळवी दिसते, हिच्या हाती भोंगा द्यायला नको.

आपली शाळा नाल्याच्या अलीकडे आणि अर्धी मुलं पलीकडची. पाऊस धरून बसला की तुम्ही शिपाईमामांना पुलावर पाठवायचात. नाल्यावरून एक जाड पाइप आडवा गेला होता. पाणी त्याच्या किती खाली आहे ते मामा येऊन सांगायचे. भरतीची वेळ तुम्ही सकाळीच पेपरात पाहून ठेवलेली असायची, कारण भरती असली की नाल्याला खाडीत जायला वाट मिळत नाही आणि तो आपल्याच अंगावर येतो. मला वाटायचं, पाणी पाइपाला टेकलं की शाळा सोडायची. तुम्ही मात्र त्याच्या पुष्कळ आधी सोडायचात. एकदा मी शहाणपणा करून म्हटलंच, की अजून तर बराच वाव आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पहिलीतलं सगळ्यात हळू चालणारं पोर पूल ओलांडायला किती वेळ घेतं ते आधी बघ. पाण्याचं नंतर." आणि मी वर्गात जाऊन 'सुट्टी' म्हणून ओरडले तेव्हा चांगलं झापलंही होतंत. ही सुट्टी नाही, नीट घरी पोचायचं काम दिलंय, असं.

आता माझ्यासमोर पडदे आहेत. डोंगराकडे किती पाऊस पडला ते कळतं, वरचा तलाव भरून वाहू लागला का ते कळतं, पुलाखाली बसवलेलं यंत्र पाण्याची उंची सांगतं, शिवाय वेधशाळेचा अंदाज असतो. लोकांना वाटतं, कधी सांगायचं तेही यंत्रच ठरवतं. यंत्र फक्त एवढं म्हणतं, की वर असा पाऊस असेल तर खाली अमुक वेळात पाणी येईल, बहुतेक. त्या 'बहुतेक'चं काय करायचं ते आमच्यावर सोडलेलं असतं. थांबलं तर खात्री वाढते आणि निघायचा वेळ आटतो. लवकर सांगितलं तर वेळ मिळतो, पण मग पाणी न आल्यामुळे तोंडावर पडायची पाळीही येते. तसं दोनतीनदा झालं की पुढच्या भोंग्याला कुणी जागचं हलत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी अशीच तोंडावर पडले. मरोळच्या बाजूला नदीकाठी एक वस्ती आहे. तिला इशारा दिला, भोंगा वाजला, लोक गाठोडी घेऊन वरच्या शाळेत जाऊन बसले, आणि दुपारी लख्ख ऊन. वर कोसळणारा पाऊस मध्येच थांबला होता. दिवसभर कक्षातला फोन शिव्या ओकत होता. आमचे साहेब ओरडणाऱ्यांतले नाहीत. एवढंच म्हणाले की यापुढे नदी पुलावरच्या धोक्याच्या लाल खुणेला लागल्याशिवाय भोंगा नको, लोकांचा विश्वास उडाला तर हा कक्ष असून नसल्यासारखा. त्यांचंही काही चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला काही सुचेना.

त्या संध्याकाळी मला तुम्ही आठवलात. तुमच्याही अंदाजानं एकदा दगा दिला होता, शाळा सोडली आणि आभाळ उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेटवर उभ्या आहात. कुणी बोलावलेलं नाही, आपणहून. आया येताहेत आणि सगळ्यांत पुढे माझी आई, आदल्या दिवशी आमच्यासाठी काम टाकून घरी यावं लागलं म्हणून पेटलेली. "बाई, काल पाणी कुठं होतं हो? कडक ऊन पडलेलं ना. माझा खाडा झाला फुकटचा." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालंय. तुम्ही म्हणता, "नव्हतंच पाणी. मला वाटलं येईल, नाही आलं. तुमचा खाडा माझ्यामुळे झाला." मग तुम्ही म्हणता, "पण परत तसं वाटलं तर परत सोडणार. बोलायचं असेल तर इथेच या, मी उभी असते." घरी येऊन आई म्हणाली, बाई खमकी आहे. त्यानंतर शेजारच्या मावशींना तिनं सांगूनच ठेवलं, की शाळा लवकर सुटली तर माझ्या पोरांनाही घेऊन या.

म्हणून मीही दुसऱ्या दिवशी वस्तीत गेले, साहेबांना न विचारता. चहाच्या टपरीपाशी उभी राहिले आणि सांगितलं, कालचा भोंगा माझा होता, माझा अंदाज चुकला. खूप ऐकून घेतलं. एक बाई सगळ्यांत जोरात होती. तिच्या सासूला चालता येत नाही, तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं होतं आणि तसंच परत आणलं होतं. "तुमचं काय जातंय बटण दाबायला," ती म्हणाली. मी तिला विचारलं, खुर्ची वर न्यायला किती वेळ लागला? मग सगळेच सांगू लागले, की गल्लीत दोन माणसं शेजारून जात नाहीत, वळणावर खुर्ची तिरपी करावी लागते, माणसं गोळा करण्यातच निम्मा वेळ जातो. ते सगळं मी साहेबांपुढे ठेवलं. म्हटलं, नदी लाल खुणेला लागल्यावर आपण सांगितलं तर ही म्हातारी गल्लीतच पाण्यात सापडेल. मग त्यांनीच भोंग्यासाठीची खूण खाली आणली, आणि भोंग्याआधी एक साधा संदेश जायचं ठरलं: पाणी येईलच अशी खात्री नाही, पण तयारीत राहा.

या वर्षी पुन्हा तशीच वेळ आली. वर पाऊस, दुपारी भरती, आणि साहेबांनी नुसती मान डोलावली. वस्ती रिकामी झाली. नदी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथूनच मागे फिरली, एकाही घरात शिरली नाही. मी बोलणी खायच्या तयारीनं पुन्हा गेले. त्या बाईनं मला स्टूल दिलं, चहा दिला. सासू आत बसून डाळ निवडत होती. "सांगत जा तुम्ही," ती म्हणाली. "आम्ही आधी उठू, मग शिव्या देऊ." बाई, मला तिथे रडू आलं. चुकलं तर तोंड लपवायचं नाही, हे मला कुठल्याही कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तुमचे उपकार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, ते कुठे जाणार हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. पण एक गोष्ट कक्षात कुणाला सांगता येत नाही, ती तुम्हाला सांगते. त्या दुपारी पाणी चढायचं थांबलं आणि सगळे 'सुटलो' म्हणाले, तेव्हा मला आनंद व्हायला क्षणभर उशीर झाला. म्हातारी केव्हाच सुखरूप वर पोचली होती. आणि मी पडद्याकडे बघत मनात म्हणत होते, अजून थोडंसं चढ, एखाद्या तरी घरात जा.