गोत्र विचारल्यास काय सांगावे

मी, सारिका प्रेमानंद इंगळे, वय ३४, व्यवसाय नोकरी, राहणार एडमंटन, कॅनडा, मूळ गाव सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र सुलतानपूरच्या घरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. कालच लोणारच्या डॉक्टरांकडून तसा दाखला घेतला असून तो सोबत जोडला आहे. कोणी भाग पाडलं म्हणून लिहीत नाही. उलट सासूबाई आणि नणंद, दोघींनाही हे लिहिणं आवडलेलं नाही.

कारण असं. माझे पती प्रेमानंद पुंजाजी इंगळे हे ११ जानेवारी २०२५ रोजी घरासमोरचा बर्फ उपसताना हृदय बंद पडून वारले. वय ३८. आम्हाला मूल नाही. २ मार्चला मी परत जाणार आहे आणि त्या घरात एकटीच राहणार आहे. माझं काही झालं तर काय करायचं, हे तिथे कोणाला माहीत नाही. त्यांना जे माहीत आहे, ते चूक आहे.

एडमंटनमधल्या मालमत्तेचं मृत्युपत्र तिथल्या वकिलाकडे इंग्रजीत केलेलं आहे. या कागदाचं भाषांतर त्याला जोडलं जाईल.

कलम १. सुलतानपूरचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या सासूबाई पंचफुलाबाई पुंजाजी इंगळे यांना हयातभर राहण्यासाठी आणि त्यांच्यानंतर माझी नणंद महामाया हिला मिळावं. महामाया लोणारला नर्स आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. मागच्या खोलीचं छत पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतं. आधी ते दुरुस्त करावं, मग रंग द्यावा.

कलम २. खामगावच्या बँकेतली ठेव सासूबाईंना. रक्कम पावतीवर आहे.

कलम ३. माझी हत्यारं. तेलाच्या पाइपलाइनवर दाब मोजणारी उपकरणं बरोबर दाखवतात की नाही, हे तपासणं माझं काम. त्यासाठीचा माझा स्वतःचा संच, दोन मीटर आणि बारीक पेचकसांची पेटी मी शिकले त्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेला द्यावी. अट एकच, कपाटात कुलूप लावून ठेवू नये. मुलींना हात लावू द्यावा.

कलम ४. उणे चाळीस अंशांसाठी घेतलेला निळा कोट महामायाला. तिने तो स्वतः मागितला आहे. "द्या वहिनी, लोणारात डिसेंबरात पाच मिन्टं तरी घालता येईन. लोकं म्हनतीन, अस्वल आलं सरोवरातून," असं ती म्हणाली. चाळीस दिवसांत घरात कोणी हसल्याची ही एकच वेळ, म्हणून नोंदवते.

कलम ५. चुलत दीर इंद्रभान यांना माझ्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाषण करू देऊ नये. प्रेमानंदच्या कार्यक्रमात त्यांनी माईकवरून, "परदेशात जाऊन आपली मान्सं बामन होऊन राह्यली," असं सांगितलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. ते जे बोलले, त्याला कारण मी दिलेलं होतं. माईक मात्र त्यांनी घेतला. त्यांना जेवू घालावं. हे कलम त्यांना वाचून दाखवलं आहे. "जेवन राह्यलं ना? मंग सांग सही कुठं करू ते," असं त्यांचं म्हणणं पडलं.

कलम ६. माझे अंत्यविधी. या कलमासाठीच हा कागद आहे.

आम्ही बौद्ध आहोत. इंगळे हे आडनाव आमच्या भागात बऱ्याच समाजांत आहे. एडमंटनला गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मराठी मंडळातल्या वंदनाताईंनी तिळगूळ देता देता विचारलं, "इंगळे म्हणजे तुम्ही कुठले गं?" त्यांना गाव विचारायचं नव्हतं. मी म्हटलं, "बुलढाण्याकडचे." उत्तर खरं होतं, पण त्या प्रश्नाचं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना जे वाटलं ते वाटू दिलं.

पुढे नऊ वर्षं तसंच गेलं. बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये होती, कारण तिथे ती शोभेसाठी सगळ्यांकडेच असते. बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये. प्रेमानंदला तो बाहेर लावायचा होता. १४ एप्रिलला मंडळाचा हॉल घेऊन कार्यक्रम करायचा होता. मी म्हणायचे, तिथे कायम राहण्याचा परवाना येऊ दे. मग म्हटलं, घर होऊ दे. दोन्ही झालं. मग मी काही कारण सांगितलं नाही, फक्त नको म्हटलं.

तो गेल्यावर मंडळाने सगळं केलं. वंदनाताईंचे यजमान अविनाशदादा अशा वेळची व्यवस्था बघतात. रुग्णालयाचे कागद, वाहन, शवदाहगृहाची वेळ, सगळं त्यांनी एका दिवसात जमवलं. मंडळाच्या कपाटात गंगाजलाची बाटली असते आणि वंदनाताईंच्या फ्रीजरमध्ये तुळशीची पानं. गुरुजी व्हिडिओवर होते. त्यांनी गोत्र विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग काश्यप धरू या. चालेल ना?"

मी "हो" म्हटलं.

इकडे सुलतानपुरात आई महामायाच्या फोनवर बघत होत्या. त्यांचा आवाज शवदाहगृहाच्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू आला. "सारिका, हे काय करून राह्यले वं हे लोक? माह्या पोराले कुठलं गोत्र? त्याले त्रिशरन दे! कोनी म्हनत नसन तं मी म्हनतो इथून!"

त्यांनी म्हणायला सुरुवातही केली. दोन शब्द झाले. फोन माझ्या हातात होता. मी आवाज बंद केला.

अविनाशदादा हळूच म्हणाले, "आईंना सहन होत नाहीये. साहजिक आहे."

मी त्यालाही "हो" म्हटलं. पडद्यावर आईंचे ओठ शेवटपर्यंत हलत होते.

म्हणून लिहून ठेवते. माझ्या देहावर गंगाजल, तुळस, मंत्र, पिंड यातलं काहीही करू नये. गोत्र विचारल्यास "नाही" असं सांगावं. पांढरी साडी नेसवावी. त्रिशरण-पंचशील म्हणावं. ते पंचफुलाबाई म्हणतील, समोर असोत की फोनवर, आणि त्यांचा आवाज कोणीही बंद करू नये. काय करावं, काय करू नये, याबाबत त्यांचा शब्द शेवटचा. त्या नसल्यास महामायाचा.

कलम ७. वंदनाताईंचे स्टीलचे चार डबे माझ्या स्वयंपाकघरात आहेत. प्रेमानंद गेल्यावर तेरा दिवस त्या दोन्ही वेळचं जेवण घेऊन आल्या. दार वाजवायच्या, डबा ठेवायच्या आणि न बोलता बसायच्या. त्यांच्याइतकं माझ्यासाठी तिथे कोणी केलेलं नाही. डबे मी परत केले नसल्यास परत करावेत. रिकामे देऊ नयेत, आपल्या घरचं काही घालून द्यावेत. त्या घेतील की नाही, मला माहीत नाही.

कलम ८. हे कलम मसुद्यात नव्हतं.

मी ३ फेब्रुवारीला अस्थी घेऊन इथे आले. तेव्हापासून आई माझ्याशी जेवणाखेरीज बोललेल्या नाहीत. आज दुपारी मसुदा त्यांना वाचून दाखवला, कारण कलम ६ त्यांच्या संमतीशिवाय निरर्थक आहे. त्या तूर निवडत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे तू मेल्यावर सांगशीन त्याइले?"

"हो."

"अन् तवर? तवर कोन म्हनून राहशीन तिथं?"

मी मसुद्याची घडी घातली.

"प्रेमा सांगे, काटा खोटा दाखवाले लागला तं माही बायको अख्खी कंपनी बंद करते. अन् सोताच्या तोंडाले काय झालतं वं तुह्या?" मग म्हणाल्या, "मी तं तुह्याआधी जाईन. मंग हा कागद तिथं कोन वाचन? मले नाई पायजे मेल्यावरचा मान. जितेपनी सांग, नाई तं फाड तो कागद."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होतं. हे कलम आज लागू झालं आहे. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मी मंडळाच्या ग्रुपवर पुढील मजकूर पाठवला:

"प्रेमानंद आणि मी बौद्ध. १६ जानेवारीला झालेले विधी आमचे नव्हते. तुम्ही ते आपुलकीने केलेत. मला बोलता आलं असतं, मी बोलले नाही. त्याच्या आईंचा आवाज मी बंद केला, त्यांना त्रास होत होता म्हणून नव्हे, तर तुम्हाला कळेल म्हणून. येत्या १४ एप्रिलला आमच्या घरी कार्यक्रम आहे. सगळ्यांनी जेवायला यावं. सारिका."

तिथे तेव्हा पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अजून कोणी वाचलेला नाही. अजून पुसता येतो. मी पुसलेला नाही.

मजकूर आईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एकदा पुन्हा वाचायला लावला. मग सुपातले खडे बाहेर टाकून आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

"कर आता सही," म्हणाल्या.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्याखाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: सारिका प्रेमानंद इंगळे

साक्षीदार:
१. इंद्रभान इंगळे, शेती, सुलतानपूर (सही)
२. सत्यभामाबाई, शेजारी, निवृत्त अंगणवाडी सेविका, सुलतानपूर (सही)

स्थळ: सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलढाणा
दिनांक: २४ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ५ वाजून २५ मिनिटे