खाणावळ एवाल्डला, समुद्र गेर्लिंडेला

एवाल्ड, कंबर कशी आहे? मार्था, खोकला उतरला का? आणि गेर्लिंडे, हँबुर्गच्या धुक्यात घसा जपतेस ना? मी ठणठणीत आहे. खालचा मजकूर वाचून कुणी धावत येऊ नये.

मी, ओटीली ब्रेनेके, वय एकाहत्तर, राहणार गोस्लार, डोके शाबूत असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर सगळ्यांचे सांगणे मोडून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्या मरणाची वाट न पाहता प्रती आजच धाडते, कारण समुद्रापार जाणारी बोट थांबणार नाही.

१. खाणावळ, तळघर आणि माझ्या नवऱ्याची पिंपे उघडायची हातोडी पुतण्या एवाल्ड व त्याची बायको मार्था यांना. गेर्लिंडेला यातला चमचाही नाही.

रागाने नव्हे. युद्धानंतर ही पोर ब्रेस्लाउहून निर्वासित होऊन हातगाडी ओढत आली, सतरा वर्षांची, एकटी. भांडी घासताना गायची, तेव्हा गिऱ्हाईक जेवायचे विसरायचे. मी तिला दिवाणखान्यात गायला उभे केले. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात तिकीट म्हणजे कोळशाची एक वीट. तीच शेगडीत जायची. पुढे झुरिकच्या मोठ्या सभागृहातही हिने सवयीने जाहिरातीत लिहिले, 'येताना वीट आणावी.' फरचे कोट घातलेल्या बायका विटा कागदात गुंडाळून घेऊन आल्या! तो सगळा कोळसा हिने आम्हाला पाठवला.

आता वर्षभर दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरेसला गायचे बोलावणे आले, तर लिहिते, "मावशी, तुझ्या म्हातारपणी खाणावळ कोण बघणार? मी नाही म्हणून कळवते."

ऐक पोरी. खाणावळ तुझी नाही, मग तिची काळजीही तुझी नाही.

२. बँकेतल्या शिलकीतून गेर्लिंडेला गाण्याचे दोन झगे आणि गरम कोट. एवाल्ड म्हणतो, तिकडे आता उन्हाळा लागतोय. मग कोट मार्थाला.

३. चर्चमधल्या गायकांचे प्रमुख आल्बोर्न यांना कोळशाची एक वीट, फीत बांधून. 'पळून आलेल्यांचा आवाज आमच्यात मिसळत नाही,' असे म्हणून त्यांनी हिला परत पाठवले होते. नंतर हिच्या गाण्याला मात्र रिकाम्या हाताने आले आणि शेगडीला चिकटून बसले. मी विसरलेले नाही.

४. मला पुरल्यावर कॉफी आणि लोण्याचा केक भरपूर असावा. गेर्लिंडे समुद्रापार असेल तर तिला बोलावू नये. त्या संध्याकाळी तिने कार्यक्रम मोडला तर मला मुळीच खपणार नाही.

ओटीली ब्रेनेके
गोस्लार, ९ ऑक्टोबर १९५३

बाई शुद्धीत आहेत, फक्त घाईत आहेत:
हाइनरिश टाप्पे, बेकरीवाले
आडेले फॉस, शेजारीण

ता. क. गेर्लिंडे, तुझी माडीवरची खोली कालच नव्या शाळामास्तरांना भाड्याने दिली. इथे आता तुला पाहुणी म्हणूनच यावे लागेल, आणि पाहुण्यांना मी रस्त्याकडची उन्हाची खोली देते. 'जाते' एवढेच लिही, पण लगेच लिही.